इंटरनेटवरील संभाषणातील प्रतिध्वनी : कारणे आणि भाषिक परिणाम

१. प्रश्नाचे स्वरूप

संशोधनप्रबंधाची मौखिक परीक्षा इंटरनेटवरून घेण्याची पद्धत २०२० सालच्या महासाथीपासून अनेक विद्यापीठांत रूढ झाली. अशा परीक्षेत पुष्कळदा एक प्रसंग घडतो. परीक्षक एका खोलीत एका संगणकासमोर बसलेले असतात. उमेदवार दूर आपल्या गावी असतो. तो आपले निवेदन स्पष्टपणे सुरू करतो. परंतु दोनतीन वाक्ये होतात न होतात तोच त्याची गती मंदावते, एखादे अक्षर दोनदा उच्चारले जाते, वाक्य मध्येच तुटते, आवाज अकारण चढतो. परीक्षकांना त्याचे बोलणे स्वच्छ ऐकू येत असते. कोठलाही यांत्रिक दोष त्यांना जाणवत नाही. साहजिकच ह्या अडखळण्याचे कारण ते उमेदवाराच्या तयारीत किंवा धैर्यात शोधतात.

वस्तुतः ते कारण परीक्षकांच्याच टेबलावर असते. उमेदवाराला आपलाच प्रत्येक शब्द किंचित् उशिराने पुन्हा ऐकू येत असतो, आणि तो परत पाठविण्याचे काम परीक्षकांचा संगणक करीत असतो. इंटरनेटवरील प्रतिध्वनीचे मुख्य वैशिष्ट्य हेच होय : तो ज्याला ऐकू येतो त्याच्या यंत्रात तो सहसा निर्माण होत नाही, आणि ज्याच्या यंत्रात तो निर्माण होतो त्याला तो ऐकू येत नाही. पीडित एका टोकाला आणि दोष दुसऱ्या टोकाला, अशी ही विभागणी आहे. ती नीट ध्यानात न घेतल्यामुळे यंत्राचा दोष माणसाच्या पदरी पडतो. म्हणून हा विषय केवळ अभियांत्रिकीचा न राहता भाषेच्या अभ्यासकाचाही होतो.

२. आवाजाची परतीची वाट

‘प्रतिध्वनी’ म्हटले की सह्याद्रीतील एखादा कडा आठवतो. कड्याकडे तोंड करून साद घालावी आणि क्षणभराने पडसाद यावा, ह्यात ध्वनी हवेतून जातो, कातळावर आदळतो आणि हवेतूनच परत येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने १७० मीटरांवरील कड्याचा पडसाद एका सेकंदाने ऐकू येतो. येथे विलंबाचे कारण अंतर हेच आहे.

इंटरनेटवरील प्रतिध्वनीची वाट निराळी आहे. पुण्यातील व्यक्ती लंडनमधील व्यक्तीशी बोलत आहे असे समजा. पुण्यातील आवाज मायक्रोफोनात शिरतो, त्याचे अंकांत रूपांतर होते, ते अंक इंटरनेटवरून लंडनला जातात आणि तेथील स्पीकरातून पुन्हा ध्वनी बाहेर पडतो. लंडनमधील व्यक्ती तो ऐकते. परंतु त्याच टेबलावर तिचा मायक्रोफोनही उघडा असतो. मायक्रोफोनाला मनुष्याचा आवाज आणि स्पीकराचा आवाज ह्यांत भेद करता येत नाही. स्पीकरातून आलेला पुण्याचा आवाज तो इमानाने टिपतो आणि पुण्याला परत पाठवितो. तेव्हा कड्याचे काम येथे लंडनची खोली करते. स्पीकर आणि मायक्रोफोन ह्यांतील अंतर वीतभर असले तर ध्वनी ते एका मिलिसेकंदाच्याही आत ओलांडतो. पाठोपाठ भिंती, छत व टेबल ह्यांवरून परावर्तित झालेले तरंग येत राहतात. उलट लंडनच्या व्यक्तीने हेडफोन लावला असेल, तर स्पीकरापासून मायक्रोफोनापर्यंतची वाट बहुतांशी बंद होते आणि पुण्याचा प्रतिध्वनी थांबतो.

जुन्या दूरध्वनीत ह्याहून वेगळा, केवळ विद्युतीय स्वरूपाचा प्रतिध्वनी असे. ग्राहकाच्या घरापर्यंत दोन तारा येत आणि त्यांवरूनच जाणारा व येणारा असे दोन्ही आवाज वाहत. लांबच्या पल्ल्यावर मात्र जाण्याची व येण्याची वाट स्वतंत्र ठेवावी लागे. ह्या दोन व्यवस्था जेथे जोडल्या जात तेथील विद्युतीय तोल पूर्ण साधत नसे. परिणामी आलेल्या आवाजाचा काही अंश परतीच्या वाटेवर गळत असे. इंटरनेटवरील दोन संगणकांच्या संभाषणात असा सांधा नसतो. इंटरनेटवरून साध्या तारेच्या दूरध्वनीला जोडून घेतले, तर मात्र तो जुना प्रतिध्वनी पुन्हा उद्भवू शकतो. हलक्या प्रतीच्या हेडफोनच्या तारांमध्येही एका वाहिनीतील संदेश दुसरीत उतरण्याचा संभव असतो. परंतु नित्य अनुभवाला येणारा प्रतिध्वनी हा प्रायः खोलीतून उद्भवलेला असतो.

३. विलंबाचे महत्त्व

येथे एक शंका उपस्थित होते. आपला आवाज आपल्याच कानी येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मनुष्य बोलतो तेव्हा तो स्वतःला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. घरातील चार भिंतींवरूनही आवाज परत येतच असतो. दूरध्वनीच्या रचनेत तर बोलणाऱ्याचा थोडासा आवाज त्याच्याच कानाशी मुद्दाम येऊ दिला जाई; तो अजिबात नसला तर यंत्र बंद पडल्यासारखे वाटते आणि मनुष्य मोठ्याने बोलू लागतो. मग इंटरनेटवर परत आलेल्या आवाजाचाच उपद्रव का व्हावा?

ह्याचे उत्तर विलंबात आहे. हेल्मुट हास ह्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, मूळ भाषणानंतर सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत येणारे परावर्तन कानाला स्वतंत्र भासत नाही. ते मूळ आवाजातच मिसळून जाते. विलंब ह्या मर्यादेपलीकडे वाढू लागला की हळूहळू दुसरा आवाज वेगळा होऊन उभा राहतो. म्हणजे प्रतिध्वनी हा केवळ परत आलेला आवाज नव्हे. तो वेगळा ओळखू येण्याइतका उशिरा परत आलेला आवाज होय. ह्याच कारणास्तव आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींनुसार एका दिशेचा विलंब २५ मिलिसेकंदांहून अधिक झाला की प्रतिध्वनीच्या नियंत्रणाची योजना करणे आवश्यक मानले जाते.

इंटरनेटवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले, तरी एका दिशेला किमान ३६ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्ष तारेचा मार्ग वळणावळणाचा व म्हणून अधिक लांबीचा असतो. ह्या प्रवासात आणखी विलंबांची भर पडते. इंटरनेटवर आवाज अखंड प्रवाहाने जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करून ते पाठवावे लागतात. ‘ओपस’ ह्या प्रचलित संकेतनपद्धतीत असा तुकडा सामान्यतः २० मिलिसेकंदांचा असतो, आणि तुकडा पुरा झाल्याखेरीज तो रवाना होऊ शकत नाही. वाटेत काही तुकडे लवकर तर काही उशिरा पोहोचतात. ते जसे येतील तसे वाजविले तर बोलणे खंडित होईल. म्हणून घेणाऱ्या बाजूस ते क्षणभर साठवून मग ओळीने वाजविले जातात. बिनतारी हेडफोन वापरल्यास त्याचा विलंब आणखी वेगळा. ही सर्व बेरीज जाताना एकदा व येताना एकदा अशी दोनदा भरावी लागते. त्यामुळे शेजारच्या गावाशी चाललेल्या संभाषणातही परतीचा विलंब एक-दोन दशांश सेकंदांवर जाऊ शकतो. तात्पर्य, स्पीकरातून मायक्रोफोनात आवाज गळणे ही बाब जुनीच आहे. इंटरनेटच्या विलंबामुळे ती श्राव्य झाली आहे.

४. उच्चारणावर होणारा परिणाम

कड्याचा पडसाद मनुष्याला आनंद देतो आणि इंटरनेटवरील पडसाद त्याला बोलू देत नाही, ह्यातील भेदही विलंबाच्या मापातच आहे. साद घालणारा मनुष्य एक शब्द उच्चारून थांबतो आणि पडसादाची वाट पाहतो. संभाषणात असे थांबणे शक्य नसते. तेथे पुढचे अक्षर उच्चारत असतानाच मागचे अक्षर कानावर येऊन आदळते.

बर्नार्ड ली ह्यांनी १९५० च्या सुमारास केलेले प्रयोग ह्या बाबतीत मूलभूत समजले जातात. बोलणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज अल्प विलंबाने सोडला असता धडधाकट वाणी असलेली माणसेही अडखळू लागतात, अक्षरांची पुनरुक्ती करतात, सावकाश बोलतात किंवा आवाज चढवितात, असे त्यांना आढळून आले. ग्रँट फेअरबँक्स ह्यांनी १९५५ साली निरनिराळ्या विलंबांची तुलना केली, तेव्हा २०० मिलिसेकंदांच्या आसपास हा बिघाड सर्वाधिक होतो असे निष्पन्न झाले. सर्वसाधारण बोलण्यात मनुष्य सेकंदाला चारपाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे एका अक्षराचा काळही स्थूलमानाने तितकाच असतो. जीभ पुढच्या अक्षराकडे वळलेली असावी आणि कानाने मागच्याच अक्षराची साक्ष द्यावी, अशी ही विसंगती आहे. इंटरनेटवरील परतीचा विलंब नेमका ह्याच पट्ट्यात पडण्याचा संभव मोठा असतो.

ह्या परिणामाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक, तो सर्वांवर सारखा होत नाही. काही माणसे फार अडखळतात, काही फारशी अडखळत नाहीत. दुसरी, तो विषयाच्या ज्ञानावर अवलंबून नाही. लीच्या प्रयोगांत माणसे समोर छापलेला मजकूर वाचतानाही अडखळली. म्हणून प्रतिध्वनी चालू असताना उमेदवाराचे अडखळणे हा त्याच्या व्यासंगाविषयीचा पुरावा ठरत नाही.

५. दमन आणि निरसन

प्रतिध्वनी घालविण्याचे प्रयत्न इंटरनेटहून पुष्कळ जुने आहेत. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीसाठी अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकातच प्रतिध्वनि-दमनाची यंत्रे प्रचारात आली. क्लार्क आणि मॅथिस ह्यांनी १९२५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे तत्त्व साधे होते : एक बाजू बोलत असेल तेव्हा दुसऱ्या बाजूकडून येणारी वाट तात्पुरती बंद करावी, म्हणजे तीतून परत येणारा पडसादही बंद होईल. परंतु दोन्ही बाजू एकदम बोलल्या तर एकीचे बोलणे कापले जाई.

१९६५ साली ‘अर्ली बर्ड’ हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आल्यावर ही अडचण तीव्र झाली. असे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरांवर असतात. आवाजाला वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद, आणि पडसाद परत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागे. भारतात पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली सुरू झालेल्या उपग्रह भूकेंद्रातून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संभाषणांनाही निसर्गाचा हाच नियम लागू होता. इतक्या विलंबात दोघांनी एकदम बोलणे वारंवार घडते, आणि दमनाचे यंत्र प्रत्येक वेळी कोणाचे तरी वाक्य तोडते.

ह्यावर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन केली, बेंजामिन लोगन आणि भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात वेगळा मार्ग काढला. सोंधींचा ह्या विषयावरील विख्यात लेख १९६७ सालचा आहे. वाट बंद करण्याऐवजी पडसादाचे गणित करून तो वजा करावा, ही ती कल्पना होय. दूरच्या बाजूने आलेला आवाज यंत्राला ठाऊक असतो, कारण तोच स्पीकराकडे पाठविला जात असतो. तो खोलीतून फिरून मायक्रोफोनात शिरताना कोणकोणत्या विलंबाने व किती तीव्रतेने शिरतो, ह्याचे अनुमान करता आले की पडसादाची प्रतिकृती तयार करता येते. मायक्रोफोनातील आवाजातून ही प्रतिकृती वजा केली की जवळच्या माणसाचे बोलणे तेवढे उरते. वजाबाकी अपुरी पडली तर उरलेल्या चुकीवरून यंत्र आपले अनुमान सुधारते. हे शिकणे अखंड चालू असते. ह्या क्रियेला ‘प्रतिध्वनि-निरसन’ म्हणता येईल. आजच्या बहुतेक संभाषणप्रणालींचा हाच पाया आहे. सेकंदाला १६,००० नमुने घेणाऱ्या प्रणालीला खोलीतील २०० मिलिसेकंदांपर्यंतचे पडसाद आवरावयाचे तर ३,२०० गुणकांचे अनुमान सतत करावे लागते, ह्यावरून ह्या गणिताच्या व्यापाची कल्पना येईल.

६. निरसन कोठे अपुरे पडते

एवढी सोय असूनही प्रतिध्वनी ऐकू येतो, ह्याची कारणे चार आहेत. पहिले, खोलीची वाट बदलते. कोणी उठले, दार उघडले किंवा संगणक सरकविला की जुने अनुमान निरुपयोगी होते आणि नवे शिकेपर्यंत पडसाद निसटतो. संभाषणाच्या आरंभी येऊन थोड्या वेळाने आपोआप नाहीसा होणारा प्रतिध्वनी ह्याच जातीचा असतो. दुसरे, लहान स्पीकर फार मोठा केला असता आवाज विकृत होतो; ही विकृती साध्या बेरीज-वजाबाकीच्या नियमात बसत नाही. तिसरे, दोन्ही बाजू एकाच वेळी बोलत असताना उरलेला आवाज पडसादाचा की जवळच्या माणसाचा हे ठरविणे यंत्राला कठीण जाते, आणि अशा वेळी केलेली सुधारणा अनुमानच बिघडविते.

चौथे कारण मानवी व्यवहारातून येते. एकाच खोलीत दोन माणसे आपापल्या संगणकांवरून एकाच सभेत सामील होतात. प्रत्येक संगणक स्वतःच्या स्पीकराचा हिशेब ठेवतो. शेजारच्या संगणकाच्या स्पीकराचा हिशेब त्याला नीट लावता येत नाही, कारण तेथील आवाज निराळ्या विलंबाने येतो. परिणामी एकाचा आवाज दुसऱ्याच्या यंत्रातून फिरून पुन्हा सभेत येतो, आणि चक्र जोर धरू लागले तर कर्णकटू शिट्टी सुरू होते.

बहुजनांच्या सभेत मूळ शोधण्याचा उपाय तर्कशास्त्रातील एखाद्या सोप्या उदाहरणासारखा आहे. कोणतीही प्रणाली माणसाचा स्वतःचा मायक्रोफोन त्यालाच परत ऐकवीत नाही. तेव्हा एकाचेच यंत्र सदोष असेल, तर तो स्वतः सोडून इतर सर्वांना प्रतिध्वनी ऐकू येईल. आणि तो स्वतः बोलत असताना कोणालाच ऐकू येणार नाही. सर्व तक्रार करीत असता ज्याला काहीच जाणवत नाही, त्याचा मायक्रोफोन प्रथम बंद करून पाहावा.

७. हरवलेला हुंकार

निरसनानंतर जो थोडा पडसाद उरतो तो दाबण्यासाठी आजच्या प्रणालीही जुन्या दमनाचा आश्रय घेतात. एक बाजू बोलत असता दुसऱ्या बाजूचे क्षीण आवाज कमी केले जातात. ह्यात सर्वांत आधी बळी जातो तो हुंकाराचा. मराठी संभाषणात ऐकणारा मध्येमध्ये ‘हं’, ‘हो’, ‘बरं’, ‘अच्छा’ असे म्हणत असतो. हे उच्चार लहान व हळू असतात आणि ते मुद्दाम बोलणाऱ्याच्या बोलण्यावरच पडतात. यंत्राच्या दृष्टीने त्यांत आणि पडसादाच्या अवशेषात फारसा फरक नसतो. हुंकार पोहोचला नाही की बोलणारा थबकतो आणि ‘ऐकू येतंय ना?’ असे विचारू लागतो. हा प्रश्न पुष्कळदा आवाजाविषयी नसून हुंकाराविषयी असतो.

विलंबामुळे पाळीची व्यवस्थाही ढळते. तान्या स्टिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘होय-नाही’ स्वरूपाच्या प्रश्नानंतर उत्तर येईपर्यंतचा सरासरी काळ सुमारे २०० मिलिसेकंद भरतो, असे त्यात दिसले. त्या दहा भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठीतील हे माप घेणे हे अभ्यासकांपुढील काम आहे. इतक्या सूक्ष्म कालमानावर चालणाऱ्या व्यवहारात यंत्राने दोनतीन दशांश सेकंदांची भर घातली की तत्पर मनुष्यही मंद किंवा अनुत्सुक भासू लागतो. काट्रिन शोएनेनबर्ग व सहकाऱ्यांनी २०१४ साली हेच दाखवून दिले : विलंब तारेचा असला तरी त्याचा ठपका समोरच्या व्यक्तीच्या स्वभावावर ठेवला जातो.

क्षेत्रीय अभ्यासकांनाही येथे सावध राहावयास हवे. चेल्सी सँकर व सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘लँग्वेज’ ह्या नियतकालिकात दाखविले की, ध्वनिमुद्रणाचे साधन व संभाषणप्रणाली ह्यांच्यामुळे ध्वनींची मापे बदलू शकतात. तेव्हा इंटरनेटवरील संभाषण मुद्रित करून त्यावरून हुंकार, परस्परव्यापी बोलणे किंवा विराम ह्यांचे निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. प्रत्येक टोकाला स्वतंत्र मुद्रण करून घेणे हाच त्यावरील सुरक्षित मार्ग आहे.

८. समारोप

ह्या विवेचनातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की, प्रतिध्वनी दूर करण्याची जबाबदारी तो न ऐकणाऱ्याची आहे. त्याने हेडफोन लावावा, निदान स्पीकर हळू करावा, बोलत नसताना मायक्रोफोन बंद ठेवावा. आणि एका खोलीत एकाच यंत्राचा स्पीकर व मायक्रोफोन चालू असू द्यावा. मौखिक परीक्षेपूर्वी परीक्षकांनी उमेदवाराला ‘आमचा आवाज येतो का?’ असे विचारण्याची प्रथा आहे. त्याबरोबर ‘तुमचा स्वतःचा आवाज तुम्हांला परत ऐकू येतो का?’ हा प्रश्नही विचारला जावा. त्याचे उत्तर केवळ उमेदवारच देऊ शकतो. आणि परीक्षेच्या दडपणाखाली, विचारल्यावाचून, तो ते सहसा देत नाही.